ब्रेक लावला की लागला?

हे लिहायचं मार्चपासून डोक्यात होतं, पण प्रकरण मिटेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. शेवटचा कागद नोव्हेंबरात हातात आला. समोर काही नसताना गाडीने आपणहून ब्रेक मारला, मागचा येऊन धडकला आणि मग 'मी ब्रेक मारला नाही' हे एकच वाक्य घेऊन मी पोलीस, विमा, सर्व्हिस सेंटर अशी दारं वाजवत फिरले, त्याची ही हकिगत. गाडीचं, गॅरेजचं, विमा कंपनीचं नाव देत नाही. विचारूही नका.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. वाईला मामेभावाकडे कृष्णाबाईच्या उत्सवाचा प्रसाद घेऊन मी आणि अण्णा (माझे वडील, वय ७४) पुण्याला परत निघालो. सुरूरला हायवेला लागलो, खंबाटकीचा बोगदा पार केला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर एस वळण लागतं, ते या रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे मी नेहमी जपूनच चालवते. वेग साठच्या आसपास. रस्ता उजवीकडे वळत होता आणि डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, एक कंटेनर उभा होता. माझ्या लेनमध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

एकदम मीटरवर लाल चित्र आलं, टिटिटिटि आवाज झाला आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर असतानाच गाडीने करकचून ब्रेक मारला. सीटबेल्ट खांद्यात रुतला. अण्णांच्या मांडीवरची प्रसादाची पिशवी डॅशबोर्डवर जाऊन आदळली. सगळं मिळून सेकंद-दीड सेकंद. मला 'काय झालं' एवढं म्हणायलाही वेळ मिळाला नाही, तोच मागून धाड.

मागे छोटा हत्ती होता, भिलारहून स्ट्रॉबेरी भरून मार्केट यार्डाकडे निघालेला. त्याने ब्रेक मारला होता, पण ताशी साठच्या वेगात एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर जाते आणि त्याचं-माझं अंतर त्याहून फार नसावं. आमची डिकी आत गेली, बंपर फाटला. त्याच्या हौद्यातले वरचे ट्रे उडून केबिनवरून पुढे आले. मी खाली उतरून मागे गेले तेव्हा बंपरवरून लाल रस ठिबकत होता. अण्णा माझ्यामागून उतरले, त्यांनी ते पाहिलं आणि मटकन डिव्हायडरवर बसले. त्यांना वाटलं रक्तच आहे.

कुणालाही लागलेलं नव्हतं. टेम्पोवाला पंचविशीतला पोरगा, त्याचे हात थरथरत होते.

"ताई, कशाला ब्रेक मारला?"

"मी नाही मारला."

तो माझ्या गाडीच्या पुढे गेला, रस्ता बघून परत आला. "मग कुणी मारला?"

याचं उत्तर पुढे जवळजवळ दोन महिने शोधत होते.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत एडास नावाचं प्रकरण असतं. काचेच्या वर, आरशामागे एक कॅमेरा आणि पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे एक रडार. समोरच्या गाडीवर, माणसावर आपण आदळणार असं त्या दोघांच्या मेंदूला वाटलं तर आधी तो ओरडतो आणि आपण काही केलं नाही तर स्वतः ब्रेक मारतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हे सक्तीचं आहे. आपल्याकडे खासगी मोटारींना तशी सक्ती नाही, वरच्या मॉडेलमध्ये मिळतं. मी २०२३ च्या नोव्हेंबरात गाडी घेतली तेव्हा याच्यासाठीच वरचं मॉडेल घेतलं होतं. घ्यायला लावणारे अण्णाच.

११२ ला फोन केला. वीसेक मिनिटांत गाडी आली. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "लागलंय का कुणाला? नाही ना? मग मिटवून घ्या, पुढं जावा." मिटवून घ्यायला हरकत नव्हती, पण मी शाळेच्या अकाउंट्समध्ये काम करते, कागद नसलेली गोष्ट घडलेलीच नसते हे अंगवळणी पडलंय. म्हटलं, नोंद हवी. मग वरात पोलीस ठाण्यात. तिथे स्टेशन डायरीत लिहिताना ठाणे अंमलदार मोठ्याने वाचत होते, "...चालकाने अचानक ब्रेक लावल्याने मागून येणारा टेम्पो..."

"साहेब, चालकाने नाही. गाडीने लावला."

त्यांनी पेन थांबवलं. "गाडीला पाय असतात का मॅडम?"

मी सगळं सांगितलं. रडार, कॅमेरा, आपोआप ब्रेक. टेम्पोवाला पोरगा बाकावर बसून माझ्याकडे बघत होता, मी सुटायला गोष्ट रचतेय असंच त्याला वाटत असणार. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. 'चालकाने अचानक ब्रेक लावल्याने' खोडून वर लिहिलं, 'वाहनाचा अचानक ब्रेक लागल्याने'. लावल्याने आणि लागल्याने. मराठीचे आभार मानावे तेवढे थोडे. हा एका अक्षराचा फरक पुढे मला फार उपयोगी पडला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर नोंदीचं वाक्य सही करण्याआधी नीट वाचा. मागच्याने पुरेसं अंतर ठेवायचं हा नियम आहे, पण पुढच्याने सबळ कारणाशिवाय एकदम ब्रेक मारायचा नाही हाही २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांतच आहे. 'चालकाने लावला' असं राहिलं असतं तर चूक अर्धी तरी माझ्या नावावर पडली असती. नोंदीची प्रत त्या रात्री मिळाली नाही. मामेभावाने बुधवारी अर्ज देऊन आणली.

टेम्पोवाल्याचे अकरा ट्रे गेले होते. कायद्याने मी त्याला काही देणं लागत होते का, माहीत नाही. अण्णांनी खिशातून दोन हजार काढून त्याच्या हातात ठेवले आणि फोन नंबर घेतला. विमा एजंट नंतर मला ओरडला, पैसे दिलेत ते दिलेत, कागदावर 'माझी चूक' असं काही लिहून नाही ना दिलंत? नव्हतं दिलं. तुम्हीही देऊ नका.

डिकी लागत नव्हती. टेम्पोतल्याच दोरीने बांधली आणि पन्नासच्या वेगाने निघालो. निघण्याआधी स्क्रीनच्या मेनूत जाऊन तो आपोआप ब्रेक बंद केला. शिरवळला चहाला थांबलो, परत गाडी सुरू केली आणि सहज बघितलं तर ब्रेकची सेटिंग पुन्हा चालू! बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून सुरू केलं की ती आपोआप चालू होते, ती तशीच असायला हवी म्हणून. मला हे त्या दिवशी कळलं. घरी पोचेपर्यंत मी पुढच्या गाडीपेक्षा मागच्या गाड्यांकडेच जास्त बघत होते.

रात्री एक शहाणपणाचं काम केलं, डॅशकॅमचं, म्हणजे काचेवरच्या रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, कार्ड काढून घेतलं. ही कार्डं फिरती असतात, भरली की जुनं पुसून नवं भरतात. झटका बसल्यावर ती फाइल लॉक होते खरी, पण त्यावर विसंबू नका. त्या फाइलच्या चाळीस सेकंदांत सगळं होतं. मोकळा रस्ता, डावीकडे कंटेनर, टिटिटिटि, मान पुढे झुकल्यासारखं चित्र, अण्णांचा 'अगं!' आणि मग धाड. कॅमेरा फक्त पुढचा होता. पण मला पुढचंच दाखवायचं होतं, पुढे काही नव्हतं हे.

सोमवारी विम्याच्या ॲपवर क्लेम नोंदवला. अपघाताच्या कारणाच्या यादीत 'मागून धडक', 'समोरून धडक', 'जनावर आडवं आलं' वगैरे होतं. 'गाडीनेच ठरवलं' असा पर्याय कशाला असेल? 'मागून धडक' निवडलं आणि वर्णनाच्या चौकटीत पोलिसांचंच वाक्य टाकलं.

मंगळवारी, ११ तारखेला गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. या भागात थोडी रेंगाळणार आहे, कारण खरी लढाई इथे झाली, आणि तीही आवाज न चढवता.

ॲडव्हायझरने जॉबकार्डवर, म्हणजे गाडीचं काय काम करायचं त्या कागदावर, लिहिलं, 'ॲक्सिडेंटल, रिअर'. मी म्हटलं, समोर अडथळा नसताना ब्रेक लागला हेही लिहा. तो म्हणाला, "मॅम, हा इन्शुरन्स जॉब आहे. यात कंप्लेंट टाकता येत नाही." मग वेगळं जॉबकार्ड उघडा. "मॅम, सिस्टिम सेन्सिटिव्ह असते. तुमच्या सेफ्टीसाठीच आहे ना." मी डॅशकॅमचा व्हिडिओ दाखवला. त्याने बघितला, कंटेनरवर बोट ठेवलं. "हे काय, ट्रक आहे ना समोर." समोर नाही हो, कडेला! "सिस्टिमला समोर वाटला असेल."

हेच तर मी सांगत होते. शेवटी 'कस्टमर व्हॉइस' नावाच्या रकान्यात माझ्या शब्दांत लिहून घेतलं, तारीख-वेळ-ठिकाणासकट, आणि मी जॉबकार्डचा फोटो काढला. तुम्ही एवढं एक कराच. दुसऱ्या कुठल्या कागदावर तुमचं म्हणणं जसंच्या तसं उमटत नाही.

आणि अजून एक, जे मी केलं नाही. गाडीत शिरल्या शिरल्या ते लॅपटॉप लावून स्कॅन करतात आणि साठलेले एरर कोड पुसून टाकतात, म्हणजे मीटरवरचे दिवे जातात आणि काम सुरू करता येतं. त्या कोडांबरोबर तुमचा पुरावाही जातो. पुसण्याआधीचा स्कॅन रिपोर्ट छापून द्या, असं जॉबकार्डवर लिहून घ्यायला हवं होतं. गुरुवारी मी विचारलं तेव्हा ॲडव्हायझर म्हणाला, कोड क्लिअर केले, आता सगळं ओके आहे. माझा चेहरा पडला. तेवढ्यात मागे पाना घेऊन उभा असलेला टेक्निशियन पोरगा हळूच म्हणाला, "मी फोटो काढलाय." त्याला सवय होती, पुसण्याआधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायची, नंतर काही अडलं तर बघायला. त्या फोटोत मागच्या सेन्सरचे तीन कोड होते, ते धडकेचे. आणि चौथा पुढच्या रडारचा होता, आडव्या दिशेने रोख सरकल्याचा. शेजारी लिहिलं होतं 'हिस्ट्री', म्हणजे आत्ता चालू नाही, पूर्वी कधीतरी येऊन गेलेला.

पोराने विचारलं, "ताई, पुढचा बंपर कधी काढला होता का?"

आता मला कबुली द्यायला हवी. डिसेंबरात सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला मीच पुढचा बंपर घासला होता. विम्यात टाकलं असतं तर नो क्लेम बोनस (वर्षभर क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला असता, म्हणून ओळखीच्या बाहेरच्या गॅरेजात रोख ६,५०० देऊन डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. बंपर उतरवून पुन्हा बसवला. त्यामागे रडार असतं आणि ते मिलिमीटरच्या हिशेबात बसवलेलं असतं, हे ना मला माहीत होतं, ना त्या गॅरेजवाल्याला. बंपर परत बसला, रंग जुळला, मी खूश.

आणि खुणा दिसत होत्या! जानेवारीत दोनदा कात्रज-देहूरोड बायपासला, शेजारच्या लेनमध्ये ट्रक असताना, गाडी उगाच ओरडली होती. एकदा ब्रेकचा हलका हिसकाही दिला होता. मी म्हटलं, जास्तच काळजी करते बाई. तारीख लिहून ठेवली नाही, सर्व्हिस सेंटरला सांगितलं नाही.

शुक्रवारी १४ तारखेला विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, आला. नुकसान पन्नास हजारांच्या वर असलं की सर्व्हेअर लागतोच. एस्टिमेट ८६,४०० चं होतं. त्यानेही तोच प्रश्न विचारला, ब्रेक का मारला? मी पोलीस नोंदीची प्रत पुढे केली. त्याने 'लागल्याने' वर बोट ठेवून दोनदा वाचलं, व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, "माझ्यासाठी मागून धडक आहे, विषय संपला. तुमचा ब्रेकचा विषय कंपनीशी." झिरो डेप (घसारा न कापणारी) पॉलिसी होती, त्यामुळे प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत कापली गेली नाही. क्लेममध्ये मालकाने भरायचे सक्तीचे १,००० रुपये आणि बारीकसारीक न बसणारं सामान धरून माझ्या खिशातून २,३४० गेले. विम्याची बाजू इतकी सरळ होईल असं वाटलं नव्हतं. मागचं काम ३ मार्चला पूर्ण झालं. मध्ये महाशिवरात्रीची सुट्टी आणि डिकीच्या दाराची वाट बघणं.

रडारचं घोडं मात्र तिथेच पेंड खात होतं. सर्व्हिस सेंटर म्हणालं, बाहेर काम केलंत म्हणून हे वॉरंटीत नाही, आणि तसंही आता कोड येत नाही, गाडी घेऊन जा. मी विचारलं, रडार सरकलंय हे गाडीला कळलं होतं, तर मीटरवर दिवा का नाही लागला? दिवा लागला असता तर मी दुसऱ्या दिवशी घेऊन आले असते. याला उत्तर नव्हतं. 'कंपनीला मेल टाकतो' म्हणाले. आठ दिवस गेले.

१० मार्चला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं. फुकट आहे. तक्रार क्रमांक लगेच मेसेजवर आला. मग त्यांच्या पोर्टलवर जॉबकार्ड, स्कॅनचा फोटो, पोलीस नोंद, व्हिडिओची लिंक असं सगळं चढवलं. बाहेर बंपरचं काम केल्याचंही स्वतःहून लिहिलं. एका वकील मैत्रिणीने हे लिहू नको सांगितलं होतं. पण बंपर उघडला की ते दिसणारच होतं, आणि तेव्हा दिसण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. हे माझं मत, सल्ला म्हणून घेऊ नका.

तिच्याकडूनच पुढची वाटही समजून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणं जातात. माझी गाडी १० ते २० लाखांच्या गटातली, त्याची फी फक्त ४०० रुपये. तक्रारीला दोन वर्षांची मुदत. पण दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि तिथे वेळ आणि पैसा जातो. 'आधी १९१५ चं काय होतं बघ,' ती म्हणाली.

बाराव्या दिवशी कंपनीच्या रिजनल ऑफिसातून फोन आला. एकदम 'मॅडम, आपण जॉइंट इन्स्पेक्शन करू.' तारीख मिळाली ती पाडव्यानंतरची, कारण ३० मार्चला पाडवा आणि सगळा वर्कशॉप डिलिव्हरीच्या गाड्या पुसण्यात गुंतलेला. ३ एप्रिलला गेले. रजा टाकून दिवसभर तिथेच बसले आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

बंपर उतरवला. रडार म्हणजे हाताच्या पंजाएवढी काळी चपटी डबी. ती ज्या पत्र्याच्या ब्रॅकेटवर बसते त्याचं एक टोक जरासं मुडपलेलं होतं, आणि एका स्क्रूच्या जागी बाहेरचा, जाड डोक्याचा स्क्रू होता. आलेल्या इंजिनिअरने मोजलं. अंशापेक्षा थोडं जास्त, डावीकडे. मी म्हटलं, एवढ्याशाने काय होतं? त्याने फरशीवर खडूने रेघ मारून दाखवलं. एक अंश म्हणजे साठ मीटरवर जवळजवळ एक मीटर, शंभर मीटरवर पावणेदोन. हायवेची लेन असते साडेतीन मीटर. म्हणजे डावीकडच्या पट्टीबाहेरचा कंटेनर रडारला माझ्या लेनच्या काठावर दिसणार. त्यात रस्ता उजवीकडे वळणारा, म्हणजे गाडीच्या नाकासमोर काही क्षण तोच कंटेनर. सरळ रडारलाही अशा वळणावर घोटाळा होऊ शकतो, वाकड्याला तर होणारच.

मग कॅलिब्रेशन. मला वाटलं होतं लॅपटॉपवर बटण दाबतील. आधी डिकी रिकामी केली, अगदी छत्रीसुद्धा काढली. चारही टायरची हवा मोजून भरली. गाडी एका सपाट जागेवर उभी केली. आणि मग टेक्निशियनने पुढच्या लोगोवरून चक्क ओळंबा सोडला, गवंडी भिंतीला धरतात तो! तो स्थिर होईपर्यंत सगळे श्वास धरून उभे. खाली फरशीवर खूण, मागच्या लोगोवरून दुसरी खूण, दोन्ही जोडणारा दोरा पुढे ताणला आणि त्या रेषेवर मोजलेल्या अंतरावर तिकाटण्यावर एक धातूचा पत्रा उभा केला. रडार त्या पत्र्याकडे बघून आपलं 'सरळ' शिकतं. त्याचं काम झाल्यावर कॅमेऱ्यासाठी हायवेवर वीस मिनिटं एका वेगाने चालवून आणली. सगळं मिळून साडेतीन तास. पुढची काच बदलली तरीही कॅमेऱ्याचं हे करावंच लागतं, असं तो इंजिनिअर म्हणाला. काच बदलणारे किती जण करतात कोण जाणे.

त्याने अजून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, विनाकारण ब्रेक लागला आणि मागे गाडी दिसत असेल तर ॲक्सिलरेटर जोरात दाबायचा, बऱ्याच गाड्यांत त्याने आपोआप लागलेला ब्रेक सुटतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, गाडीगणिक वेगळं असतं, एकदा वाचून ठेवा. दुसरी, रडारचं एक सॉफ्टवेअर अपडेट आलं होतं, ते माझ्या ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगला टाकायचं राहिलं होतं. हे सांगताना तो ॲडव्हायझरकडे बघत होता आणि ॲडव्हायझर ओळंब्याकडे.

बिल असं झालं. ब्रॅकेट आणि स्क्रू १,८५० रुपये, माझ्याकडून. कॅलिब्रेशन आणि अपडेट, शून्य, 'गुडविल' म्हणून. मला हे न्याय्य वाटलं. बंपर मी बाहेर उघडला होता, अपडेट त्यांनी टाकलं नव्हतं.

पण २१ एप्रिलला तक्रारीचं लेखी उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं की तपासणीत 'प्रणाली निर्धारित मर्यादेत कार्यरत आढळली'. ब्रॅकेट बदलल्याचं बिल आणि मर्यादेत कार्यरत असल्याचं पत्र, दोन्ही एकाच फाइलमध्ये लावून ठेवलंय. दिव्याच्या प्रश्नाला आजही उत्तर नाही. आयोगात मी गेले नाही. सहा महिन्यांच्या रजा कुठून आणायच्या?

एक गोष्ट मात्र केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचं कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर मालकाला सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि एकाच मॉडेलच्या ठरावीक संख्येच्या वर तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला जाब विचारू शकतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या वाहन सुरक्षा संस्थेने विनाकारण ब्रेक लागण्यावरून होंडाच्या अकॉर्ड आणि सीआर-व्ही गाड्यांची चौकशी सुरू केली, ती २७८ तक्रारींवरून. गाड्या होत्या सुमारे सतरा लाख. म्हणजे २७८ लोकांनी फॉर्म भरला म्हणून ते हललं. मी फॉर्म भरायला रात्री साडेदहाला बसले, ओटीपी तीनदा हुकला, सव्वाअकराला पोचपावती आली.

ब्रेक मी बंद ठेवलेला नाही. पाच-सहा आठवडे ठेवला होता. मग मे महिन्यात सिंहगड रोडला रिक्षामागून एक मुलगा धावत आडवा आला, मी पाय नेला त्याच्या आधी गाडी थांबली होती. त्यानंतर मेनूत गेले नाही. आता बंपरला कुणी हात लावायचा असेल तर रडारचं आधी विचारते, आणि हायवेला मागे कुणी चिकटलं तर बाजूला होऊन जाऊ देते. अण्णांनी मात्र एस वळण आलं की उजवा हात डॅशबोर्डवर टेकवायची सवय लावून घेतली आहे. वाईला जाताना नाही, परतीलाच.

नोव्हेंबरात पॉलिसी रिन्यू झाली, आणि हाच तो शेवटचा कागद. नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य. यंदा २५ टक्के मिळाले असते, म्हणजे साधारण ४,१०० रुपये. सहज डिसेंबरचा हिशेब मांडला. तेव्हा बंपर विम्यात टाकला असता तर १,००० भरून आणि हे ४,१०० सोडून ५,१०० रुपयांत, अधिकृत ठिकाणी, कॅलिब्रेशनसकट काम झालं असतं. मी बाहेर ६,५०० दिले होते, बोनस वाचवायला. मी अकाउंट्समध्ये आहे, हे घरात अजून कुणी बोलून दाखवलेलं नाही.